नकाशात आपण कुठे आहोत?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस भूगोलाच्या तासाला कसा काय शिरला? उत्तर सोपे आहे. 'मी कुठे आहे?' हा प्रश्न आमच्याही विषयाचा आहे. शाळेत नकाशा ज्या रीतीने शिकवला जातो, त्यात नेमका हाच प्रश्न गळून पडतो. ही आमची तक्रार आहे आणि आज ती जरा सविस्तर मांडायची आहे.

आधी प्रत्यक्षात काय चालतं ते पाहू. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे. परीक्षेत देशाचा आराखडा देतात आणि त्यात माहिती भरून सूची तयार करायला सांगतात. मुलं वर्षभर साच्याने आराखडे गिरवतात, हाताला वळण लागेपर्यंत जागा घोटतात आणि गुण पदरात पाडून घेतात. दुसऱ्या एका प्रश्नात छापलेला नकाशा वाचून उत्तरे लिहायची असतात. हा प्रश्न चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण त्याचीही सगळी उत्तरे कागदावरच असतात. सूची पाहा, खूण शोधा, नाव लिहा. कागदावरून नजर उचलून खिडकीबाहेर बघायची गरज कुठेच पडत नाही. अक्षरं लावता येणं आणि वाचता येणं यांत जो फरक आहे ना, तोच इथे आहे.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांना हे कळत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच पुस्तकाचा पहिला पाठ 'क्षेत्रभेट' हा आहे. हेतू अगदी योग्य. पण होतं काय, की क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा, असा प्रश्न तयार होतो, त्याचं उत्तर मार्गदर्शिकेत छापून येतं आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकता मुलं क्षेत्रभेटीचे फायदे लिहून मोकळी होतात!

आता या पद्धतीने नुकसान काय होतं? पहिलं नुकसान दिशांचं. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर वर आणि दक्षिण खाली असते. ही केवळ छपाईची रीत आहे. पण मुलांच्या मनात उत्तर म्हणजे 'वर' असं पक्कं बसतं. मग चंबळ आणि बेतवा या नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन यमुनेला मिळतात, असं सांगितलं की वर्गात हमखास हात वर होतो: "सर, नदी वर कशी चढते?" या प्रश्नाला हसू नये. मुलाने नकाशा नीट पाहिलेला असतो, फक्त नकाशातलं 'वर' आणि जमिनीवरचं 'वर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

खरं म्हणजे जमिनीवरचं 'वर' आपल्या बोलीत किती नेमकं आहे पाहा. कोकणातला माणूस 'वर घाटावर जातो' म्हणतो, तेव्हा तो पूर्वेला जात असतो, पण उंचीवरही जात असतो. गावात वरची आळी आणि खालची आळी असते, ती उतारावरून ठरते. हे उंच-सखलाचं भान घेऊनच मूल शाळेत येतं. समोच्च रेषा शिकायला याहून चांगली पूर्वतयारी कोणती? पण भिंतीवरचा नकाशा त्या भानावर उत्तर-दक्षिणेचं 'वर-खाली' चढवून ठेवतो आणि दोन्हींचा गोंधळ होतो.

आता आपल्या दिशांच्या शब्दांकडे वळू. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे पुढचा, 'पश्चिम' म्हणजे मागचा आणि 'दक्षिण' म्हणजे उजवा. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात, तो हाच 'दक्षिण'. म्हणजे उगवत्या सूर्याकडे तोंड करून एक माणूस उभा आहे आणि दिशांची ही नावं त्याच्या शरीरावरून पडलेली आहेत. त्या माणसाला बाजूला काढा, की मागे पाठ करायचे चार शब्द उरतात. वैशेषिकांनी तर 'दिक्' हे नऊ द्रव्यांपैकी एक मानले आणि ते एकच आहे असे सांगितले. पूर्व, पश्चिम हे त्याचे भेद मूळचे नव्हेत, ते सूर्याच्या संयोगाने पडतात. सूर्य बघितल्याशिवाय दिशा नाही, हे शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट याने जवळजवळ चाळीस वर्षे क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात प्राकृतिक भूगोल शिकवला. विचार करताना दिशा कशी ठरवावी, या विषयावर १७८६ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. ओळखीच्या खोलीत मिट्ट काळोख असला, तरी एका वस्तूला हात लागला की आपल्याला खोली उमगते. पण त्यासाठी आपला उजवा हात कोणता नि डावा कोणता, हे आपल्याला आतून कळावं लागतं. ते ज्ञान वस्तूंच्या यादीतून मिळत नाही. आमच्या मते नकाशाचंही तसंच आहे. सगळ्या खुणा पाठ असल्या, तरी 'मी इथे उभा आहे आणि माझं तोंड या बाजूला आहे' हे ठरेपर्यंत नकाशा मुकाच राहतो.

इथे कुणी म्हणेल, सर, आता फोनवर निळा ठिपका दिसतो की! तो सांगतो ना आपण कुठे आहोत ते. बरोबर आहे. फोन आपली जागा ठरवतो, पण ती ठरवण्याचे श्रम आपल्याकडून काढून घेतो. आपण वळलो की अनेकदा नकाशाही वळवून देतो. मुक्कामाला पोचायला तो उत्तम आहे, आम्हीही वापरतो. पण पोचणं निराळं आणि प्रदेश कळणं निराळं. गणकयंत्र आलं म्हणून पाढे शिकवणं थांबलं नाही, कारण उत्तर बरोबर वाटतं की चूक, याचा अंदाज ज्याचा त्यालाच असावा लागतो.

तक्रार करून थांबणं बरं नाही, म्हणून दोन-तीन सोपे उपाय सांगतो.

पहिला, काठीचा. मैदानात काठी उभी रोवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषा दाखवते. ती बाराच्या ठोक्याला मिळणार नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून पुण्याचा खरा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास असतो. आणखी एक गंमत. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात तो मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेर येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते! एका काठीत अक्षांश, रेखांश आणि प्रमाणवेळ असे तीन पाठ होतात.

दुसरा उपाय दोऱ्याचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे २०१७ पासून संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, तेव्हा नकाशेच मिळत नाहीत ही सबब आता नको. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. महाबळेश्वरपासून प्रतापगड पट्टीने मोजा, दहा किलोमीटरही भरत नाही. मग रस्त्याच्या वळणावळणावर दोरा ठेवून मोजा, अंतर वीसच्या पुढे जातं. का? तिथल्या समोच्च रेषा बघा, एकमेकींना चिकटून आहेत. घाट म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता कळलं.

तिसरा उपाय तर बिनखर्चाचा. भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर अंथरा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे वळवा. मग मुलांना म्हणा, आपल्या गावावर बोट ठेवा आणि त्याच बोटाने मुंबई कुठल्या बाजूला आहे ते दाखवा.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? अडचण खरी आहे. पण वेळ परीक्षेच्या मागे धावतो, तेव्हा बदल परीक्षेतही हवा. शाळेच्या परिसराचा नकाशा हाती घेऊन मैदानात द्यायची तोंडी परीक्षा का असू नये?

आणि हे सगळं कशासाठी? मोठेपणी या मुलांपुढे जे नकाशे येणार आहेत, ते कोरे आराखडे नसतील. गावाचा गटनकाशा असेल, शहराचा विकास आराखडा असेल. नदीकाठच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असेल. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपलं घर त्या रेषेच्या आत की बाहेर, हे ज्याला स्वतः बघता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावर घर घ्यावं लागतं. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात पाणी शिरलं, तेव्हा ही रेषा किती गंभीर गोष्ट आहे ते सगळ्यांनी पाहिलं. विकास आराखड्यावर हरकती मागवतात, मुदत देतात, नकाशा भिंतीवर लावतात. कायद्याने सगळं खुलं असतं. पण ज्याला त्यात आपली गल्ली सापडत नाही, तो हरकत कशावर घेणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की नकाशा भरायला जरूर शिकवा, पण त्याआधी मुलाला त्या नकाशात उभं करा. पुढच्या वेळी काळ आणि घड्याळ या विषयावर बोलू. तोवर आज घरी गेल्यावर एक करा. सूर्य न बघता, फोन न उघडता, आपल्या घरात उत्तर कुठल्या भिंतीला येते ते घरातल्या प्रत्येकाला विचारा. उत्तरं किती वेगवेगळी येतात बघा.