धातू–गंधक बंधऊर्जा : मोजलेली किती, मानलेली किती?

तक्त्यात ‘जस्त–गंधक बंधऊर्जा’ म्हणून एकच आकडा असतो आणि विद्यार्थी तो थेट मोजलेला समजतात. रबराच्या व्हल्कनीकरणाला वेग देणारे झिंक डायएथिलडायथायोकार्बामेट पाहा. उष्मामापी मोजतो ती फक्त घन संयुगाच्या अभिक्रियेची उष्णता. मग हेसच्या नियमाने वायुरूप संयुगाचे जस्त अणू व दोन लिगँड मूलकांत विघटन होण्याची ऊर्जा काढून तिला ४ ने भागतात.

यावर तीन आक्षेप आहेत.

१. घनात रेणू जोडीने असतात, प्रत्येक जस्ताशी ५ गंधक. भागाकारात मात्र ४ च बंध धरले जातात. जोडी तुटण्याची ऊर्जा संप्लवन ऊर्जेत येते आणि ती अनेकदा अंदाजाने घेतात.

२. मूलकाची ऊर्जा गंधक–हायड्रोजन बंधावरून मानलेली असते. तेथे २० किलोजूल प्रतिमोल चुकले, तर उत्तर १० ने चुकते.

३. उत्तर सरासरी असते. पाण्यातील पहिला बंध तोडायला सुमारे ४९७, दुसरा तोडायला ४३० किलोजूल प्रतिमोल लागतात. सरासरी ४६३ यांपैकी एकाचीही नाही.

तरीही पद्धत टाकाऊ नाही. तोच लिगँड असलेल्या निकेल व जस्त संयुगांची तुलना केली, तर मूलकाची चूक वजाबाकीत निघून जाते. संप्लवनाची जात नाही. म्हणून फरकावर अधिक भरवसा ठेवावा, आणि आकडा लिहिताना गृहीतकेही लिहावीत.