इंग्रजीचे काळ आणि मराठीचा साचा : व्याकरण-अध्यापनाची एक चिकित्सा

मराठी शालेय व्याकरणातील शब्दांच्या आठ जाती इंग्रजी मांडणीच्या छायेत घडल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून हा प्रभाव दिसतो. वर्धा जिल्ह्यातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी हाच उसना साचा घेऊन इंग्रजीकडे वळतो. 'प्रिपोझिशन' म्हणजे शब्दयोगी अव्यय, हे समीकरण त्याचेच फळ होय. वास्तविक पहिले नामाआधी येते, दुसरे सामान्यरूपाला मागून जोडले जाते. शिवाय 'इन'चे काम मराठीत पुष्कळदा 'घरात'मधला प्रत्ययच उरकतो.

काळांचा गोंधळ अधिक खोल आहे. 'ते पुस्तक मी कालच वाचले आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य. त्याचे 'आय हॅव रेड दॅट बुक यस्टरडे' हे रूपांतर मात्र अशुद्ध ठरते. इंग्रजी प्रेझेंट परफेक्टला 'काल'सारखा निश्चित भूतकालवाचक शब्द चालत नाही. हा विद्यार्थ्याचा आळस नव्हे. 'पूर्ण वर्तमानकाळ' या एकाच नावाखाली दोन भिन्न व्यवस्था शिकविल्या जातात, दोष तेथे आहे. उलट, क्वर्क व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणानुसार इंग्रजी क्रियापदाला रूपदृष्ट्या दोनच काळ आहेत. 'जाईल'सारखे स्वतंत्र भविष्यरूप मराठीला आहे, इंग्रजीला नाही. बारा काळांच्या तक्त्यात हे येत नाही. तो पाठ होतो, इतकेच.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला होता. इंग्रजीच्या तासालाही मातृभाषेचा उपयोग आहे : तक्त्याआधी 'वाचले', 'वाचले आहे', 'वाचले होते' फळ्यावर मांडावे आणि 'काल' कोठे चालतो, हे दोन्ही भाषांत तपासावे.