प्रेक्षकसंख्येची ओहोटी आणि एन.बी.सी.चा धीर

अमेरिकन दूरचित्रवाणी-जाळ्यांचे प्रेक्षक केबलने ओढून नेले, हे खरेच. परंतु मालिकांच्या अकालमृत्यूचे खापर केवळ केबलवर फोडणे आम्हांस ग्राह्य वाटत नाही. १९८२-८३ मध्ये ‘चीअर्स’ प्रेक्षकगणनेत जवळजवळ तळाशी होती. एन.बी.सी.ने ती राखली. पुढे ती अग्रस्थानी पोहोचली व १९९३ पर्यंत चालली. (विनोदास परिचयाची ऊब लागतेच.) सप्टेंबर २००९ मध्ये मात्र त्याच संस्थेने खर्च वाचविण्यासाठी आठवड्याच्या पाच रात्री, दहाची वेळ नाट्यमालिकांकडून काढून विनोदवीर जे लेनो यांच्या गप्पांस दिली. स्थानिक केंद्रांच्या अकराच्या बातम्यांचेही प्रेक्षक घटले. फेब्रुवारी २०१० मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला. दहाची वेळ गमावलेल्या ‘साउथलँड’चे दुसरे पर्व तर प्रक्षेपणापूर्वीच रद्द झाले होते. ते उचलले टी.एन.टी. या केबल वाहिनीने, आणि मालिका २०१३ पर्यंत चालविली.