मंगळावरचा कालवा आणि टेलचं गाव

(अंथुर्णे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला विषय विचारला गेला तेव्हा मी सांगितलं, विज्ञानकथांमध्ये सूर्यमालेचा जो कल्पित इतिहास रचला जातो, त्यावर बोलेन. फोनवर जरा वेळ शांतता. मग पलीकडून उत्तर आलं, "चालेल सर, पण आमच्याकडं सध्या आवर्तन कधी सुटणार, याशिवाय दुसरं कोणी काही ऐकत नाही." मी म्हटलं, मग हरकत नाही, माझाही विषय तोच आहे. (हशा)

हसू नका, खरंच तोच आहे. दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. साल १८७७. इटलीत मिलानच्या वेधशाळेत स्कियापारेल्ली नावाचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून मंगळ बघत होता. मंगळ त्या वर्षी पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. त्याला मंगळावर बारीक रेघा दिसल्या, त्यांना त्यानं 'कनाली' म्हटलं. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता चर किंवा ओघळ असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचा 'कॅनल' झाला, म्हणजे कोणीतरी खणलेला कालवा. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झालेला होता, त्यामुळं कालवा दिसला की तिथं प्रगत माणूस असणारच, असं लोकांना वाटायला लागलं.

आणि त्याच १८७७ मध्ये आपल्या या मुलखात काय चाललं होतं? १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. त्यानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, ज्याच्या पाण्यावर आज आपण इथं बसलोय. म्हणजे तिकडं आकाशात कालवे दिसायला लागले आणि इकडं जमिनीवर कालवा आला, एकाच पिढीत. यात गूढ काही नाही. पण माझा आजचा मुद्दा या शेजारामुळं नीट कळतो.

सूर्यमालेचा कल्पित इतिहास म्हणजे काय, ते आधी सांगतो. अशा पुस्तकात एखाद्या माणसापेक्षा ग्रहांचीच गोष्ट मोठी असते. कोणता ग्रह आधी जन्मला, कुठं वस्ती झाली, कोण कुणावर चालून गेलं, कोण संपलं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं मला याचं एक मूळ कांटमध्ये दिसतं. कांटनं १७५५ मध्ये, वयाच्या एकतिशीत, विश्वोत्पत्तीवर एक पुस्तक लिहिलं. फिरणाऱ्या धूसर द्रव्यातून सूर्य आणि ग्रह कसे बनले असतील, ते त्यात मांडलं. एवढ्यावर थांबला असता तर तो कांट कसला! पुस्तकाच्या तिसऱ्या भागात त्यानं ग्रहांवरचे रहिवासीही कल्पिले. सूर्याजवळचे जड बुद्धीचे, शनीकडचे तल्लख, आणि आपण मध्ये कुठंतरी. म्हणजे जागा ठरली की योग्यता ठरली. ही उतरंड लक्षात ठेवा, पुढं ती परत येणार आहे.

आता लॉवेल. पर्सिव्हल लॉवेल हा बॉस्टनचा श्रीमंत गृहस्थ. त्यानं १८९४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःची वेधशाळा उभारली आणि मंगळाचा अख्खा इतिहास लिहून काढला. त्याच्या मते तो शास्त्र लिहीत होता, पण आज आपण ते कादंबरीसारखं वाचतो. इतिहास असा : मंगळ लहान, म्हणून लवकर थंड झाला, लवकर म्हातारा झाला. पाणी आटलं, उरलं ते फक्त ध्रुवांवरच्या बर्फात. मग तिथल्या शहाण्या लोकांनी ते वितळणारं पाणी ग्रहभर नेण्यासाठी कालवे खणले. लॉवेल आणखी एक बारकावा सांगतो. दुर्बिणीतून दिसतो तो प्रत्यक्ष कालवा नव्हे, कालव्याच्या दोन्ही बाजूंची हिरवळ दिसते. हे वाचलं तेव्हा मी चकितच झालो. आपल्याकडं माळावर उभं राहून बघा, कालवा स्वतः दिसत नाही, उसाचा पट्टा दिसतो!

पण याच्यापुढचं लॉवेलचं वाक्य आलं की इथला शेतकरी हसेल. तो म्हणतो, कालवे ग्रहभर पसरलेत, म्हणजे मंगळवासी एकदिलाचे असणार, त्यांच्यात भांडणं नसणार. (हशा) कालव्यावर भांडण नाही! या माणसानं एकही पाळी बघितलेली नव्हती.

माझं बालपण टेलच्या एका गावात गेलं. रात्रीची पाळी असली की वडील कंदील घेऊन चारीवर जायचे. पाणी यायचं ते वरच्यांचं भागल्यावर. आलं नाही तर वडील कोणाला शिवी द्यायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "आटलं असंल." मोठा झाल्यावर कळलं की पाणी आटलेलं नसायचं, ते वर कुणीतरी उचललेलं असायचं. 'आटलं' आणि 'उचललं' या दोन क्रियापदांत जो फरक आहे, तोच माझ्या मते सूर्यमालेचा कल्पित इतिहास तपासायचा निकष आहे. पुस्तकातला ग्रह कोरडा पडला, तर लेखक काय म्हणतो? आटला म्हणतो, की कुणीतरी उचललं म्हणतो? पहिल्यात कर्ता नाही. दुसऱ्यात कर्ता आहे, म्हणून जबाबदारी आहे आणि म्हणून इतिहास आहे.

लॉवेलच्या काळातही हे कळणारी माणसं होती. डार्विनचा समकालीन आल्फ्रेड रसेल वॉलेस यानं १९०७ मध्ये त्याला उत्तर दिलं की, असल्या कोरड्या वाळवंटातून उघडे कालवे नेले तर पाणी वाटेतच उडून जाईल, असं करणारे लोक शहाणे कसे? हा हिशेबाचा आक्षेप झाला. न्यायाचा आक्षेप मात्र लॉवेलच्या आधीच पुण्यात लिहून झाला होता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, १८८३ मध्ये, पाटबंधारे खात्याची हजेरी घेतली आहे. पाण्याचा आकार वसूल होतो, पण शेतकऱ्याला पाणी वेळेवर आणि पुरेसं मिळतं का हे कोण बघतो, असा त्यांचा रोख आहे. जमिनीच्या मानानं ज्याला त्याला पाणी मोजून मिळावं, ही त्यांची मागणी. आणि लॉवेल मंगळावरच्या आदर्श कारभाराची वर्णनं लिहीत होता त्याच सुमारास इथं, नीरा कालव्यावर, विश्वेश्वरय्या ब्लॉक पद्धत बसवत होते. थोड्याच गावांनी सगळं पाणी उसाला ओढू नये, जास्त गावांत ते पोचावं म्हणून. त्याला विरोध झाला, वादंग झाले. खऱ्या कालव्याचा इतिहास असा असतो.

आता कादंबरीकारांकडं येऊ. वेल्सची 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ ची. मंगळ म्हातारा, थंड होत चाललेला, म्हणून तिथले लोक पृथ्वीवर चाल करून येतात. ग्रह 'आटला' हे वेल्स मान्य करतो, पण स्वारी हा निर्णय आहे हे तो विसरत नाही. पहिल्याच प्रकरणात तो इंग्रज वाचकाला टास्मानियाची आठवण करून देतो : मंगळवासीयांना नावं ठेवण्याआधी युरोपियनांनी तिथल्या मूळ लोकांचं काय केलं ते बघा. म्हणूनच १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर-४ यानानं मंगळाची छायाचित्रं पाठवली, कालव्यांच्या जागी खड्डे निघाले, तेव्हा लॉवेल संपला आणि वेल्स टिकला. कथेतलं खगोलशास्त्र शिळं झालं, टास्मानियाचा प्रश्न शिळा झाला नाही.

बोग्दानोव्ह हा रशियन डॉक्टर आणि क्रांतिकारक एक पाऊल पुढं गेला. त्याची 'रेड स्टार' १९०८ ची, आणि तिच्या आधीची कथा सांगणारी 'इंजिनिअर मेन्नी' १९१३ ची. या दुसऱ्या पुस्तकात मंगळावरचे कालवे कसे खणले गेले ते आहे : मजुरांचे मृत्यू, संप, पैसे खाणारे लोक. लॉवेलच्या रेघांमागं घामाचा वास आणणारा हा लेखक. आणि प्रामाणिक इतका की 'रेड स्टार' मध्ये समता आलेला मंगळही संसाधनं कमी पडू लागल्यावर पृथ्वीवरची माणसं नष्ट करावीत का, याची चर्चा करतो. एका टेलचं दुःख संपलं की दुसरी टेल तयार होते.

अलीकडची 'द एक्सपान्स' ही मालिका तुमच्यातल्या तरुणांनी पाहिली असेल. पहिली कादंबरी २०११ ची, एकूण नऊ. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात माणसं राहतात, कमी गुरुत्वामुळं उंच, किडकिडीत झालेली. त्यांना हवा आणि पाणी विकत घ्यावं लागतं. सेरेसवर राहणाऱ्यांची ठाम समजूत आहे की आपलं बर्फ पृथ्वी आणि मंगळानं नेलं. शनीच्या कड्यांतून बर्फ आणणारं एक जहाज उडवलं जातं आणि युद्ध पेटतं. कांटची उतरंड इथं उलटी झालीय : सूर्यापासून दूर तो शहाणा नव्हे, दूर तो तहानलेला. सूर्यमालेची टेल! हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. एक परग्रहीय पदार्थ येतो, दारं उघडतात, पलीकडं हजारावर सूर्यमाला मिळतात, आणि पाण्याचा प्रश्न न सुटताच मागं पडतो. धरण नवं बांधलं म्हणून जुन्या चारीचा न्याय झाला का? एवढं श्रेय मात्र देतो की, दारं उघडल्यावर आता आपली गरजच कुणाला उरणार नाही, ही पट्ट्यातल्या माणसांची भीती लेखकांनी दाखवली आहे.

आता आपल्या मराठीकडं. जयंत नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि तो ठेवूनच बोलतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली, नावाचा दबाव पडू नये म्हणून. जगभर मान असलेला शास्त्रज्ञ मराठीत कथा लिहितो, तेही नाव लपवून, ही लहान गोष्ट नाही. पण माझ्या निकषावर त्यांच्या कथा कुठं बसतात? 'धूमकेतू' मध्ये संकट बाहेरून येतं, 'हिमप्रलय' मध्ये ते वातावरणातून उतरतं. दोन्हीकडं शास्त्रज्ञ इशारा देतो आणि शेवटी विज्ञानच तारून नेतं. संकट सगळ्यांवर सारखं पडतं, हे त्यात गृहीत आहे. लॉवेलचा एकदिलाचा ग्रह तो हाच. थंडी मुंबईत पडली तर फूटपाथवर आणि मलबार हिलवर ती सारखी पडत नाही, हे कथेला दिसायला हवं होतं.

पण घाई करू नका. 'धूमकेतू' मला रॉकेटमुळं आवडत नाही, घरामुळं आवडते. धूमकेतू शोधणारा नायक घरी परततो तर पत्नीनं अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ मांडलेला. अरिष्ट टळतं. कोणामुळं टळलं? हा कर्त्याचाच प्रश्न आहे, आणि नारळीकर तो एका मध्यमवर्गीय घरात आणून ठेवतात. आणि 'वामन परत न आला' मध्ये तर जमिनीखाली एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, ती आपल्याच निर्मितीमुळं संपली असं हळूहळू उघड होतं. तिथं 'आटलं' म्हणायची सोय नाही. माझ्या मते इतिहास म्हणून ही त्यांची सर्वांत जबाबदार रचना.

तरी ग्रहा-ग्रहांमधलं वाटप, पिढ्यान् पिढ्या चाललेलं, हे मांडणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. काहींना वाटतं आपल्याला युगं आणि कल्प आधीच मिळालेत, नवा काळ कशाला रचायचा? मला उलट वाटतं. युगं फिरून येतात, त्यात कुणाला जाब विचारता येत नाही. चारीवर पाणी का आलं नाही, हे मात्र विचारता येतं, कारण चारीच्या वर कुणीतरी बसलेलं असतं.

म्हणून इथल्या पोरा-पोरींना सांगतो. मंगळावर वस्ती होईल की नाही मला माहीत नाही, मी काही ती बघणार नाही. पण तिची कादंबरी लिहायला लागणारं ज्ञान तुमच्या घरात आहे. फाटा, चारी, पाळी, पाटकरी, रात्रीचं बारं, ही सगळी तुम्हाला माहीत असलेली विद्या आहे, ती बॉस्टनच्या गृहस्थाकडं नव्हती. तुमच्या गोष्टीत ग्रह कोरडा पडला, तर माझ्या वडिलांसारखं "आटलं असंल" म्हणून घरी परतू नका. कंदील घेऊन कालव्याच्या कडेनं वर चालत जा, आणि काय दिसलं ते लिहा.