यंत्र दिलं, पुढे काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठून विचारलं, ‘सर, रुग्णालयाला यंत्र देणं हे पुण्य की कर्तव्य?’ प्रश्न साधा वाटतो, पण रात्री झोप लागेना. आज त्याचीच उलटतपासणी करू या. आमची टीका दानावर नाही, दान देण्याच्या आपल्या पद्धतीवर आहे. आणि त्या पद्धतीत आम्हीही सामील होतो, हे आधीच कबूल करतो.

झालं असं. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका धर्मादाय रुग्णालयासाठी आम्ही दहा-बारा निवृत्त मंडळींनी वर्गणी जमवली. डायलिसिसची दोन यंत्रं आणि पाण्याचं संयंत्र घेतलं. फीत कापली, पेढे वाटले, भिंतीवर आमच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. नऊ रुग्णांची सोय झाली. वर्ष उलटायच्या आत तंत्रज्ञ बऱ्या पगारावर शहरात निघून गेला. मग पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचं मेंब्रेन गेलं. ते बदलायला पैसे कुठून काढायचे ते ठरेना, कारण आम्ही जमवलेला पैसा ‘यंत्रखरेदी’साठी होता आणि तो संपला होता. नऊ माणसं एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ लागली. यंत्रांवर चादर पडली. पाटी मात्र रोज पुसली जायची.

चूक कुठे झाली? आम्हाला वाटलं, यंत्र म्हणजेच उपचार. आता डायलिसिस म्हणजे काय ते बघा. यंत्रातून दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांत १२० लिटर झाला. तो शुद्ध पाण्यापासून बनवायचा, आणि शुद्ध करताना बरंच पाणी वाया जातं. शिवाय डायलायझर, रक्ताच्या नळ्या, सुया, हेपारिन, आणि चार तास डोळ्यांत तेल घालून बसणारा प्रशिक्षित माणूस. एका रुग्णाला आठवड्यातून दोनदा म्हटलं तरी वर्षाला हे १०४ वेळा करायचं. तीनदा म्हटलं तर १५६ वेळा. यंत्र एकदा घेतात, उपचार मात्र दर वेळी नव्यानं द्यावा लागतो.

हे आमच्याच तालुक्यात घडलं असं समजू नका. लोरा पेरी आणि रॉबर्ट माल्किन या अभ्यासकांनी २०११ साली गरीब देशांतल्या रुग्णालयांची यंत्रं मोजली. सुमारे ४० टक्के बंद होती. कारणं तीच: शिकवलेली माणसं नाहीत, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्यासारख्या सोयी पुरेशा नाहीत.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. कांटनं १७८५ च्या आपल्या ग्रंथात कर्तव्याचे दोन प्रकार मानले. इतरांना मदत करणं हे सैल कर्तव्य: कोणाला, कधी, किती, हे ठरवायला आपल्याला मोकळीक असते. खोटं वचन न देणं हे मात्र काटेकोर कर्तव्य, तिथे सवड नाही. आमचं म्हणणं असं की, डायलिसिसचं यंत्र देताना आपण पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. वर्गणी द्यायची की नाही, हे आमच्या मर्जीवर होतं. पण पहिला रुग्ण त्या खुर्चीत बसला, त्यानं जिल्ह्याच्या रुग्णालयातली आपली वेळ सोडली, तेव्हा आम्ही त्याला वचन देऊन बसलो होतो. डायलिसिस मध्येच थांबलं तर गैरसोयीवर भागत नाही, जिवावर बेततं.

जुन्या लोकांना हे कळत होतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी लेणं कोरवलं. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्यानं ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यांतल्या २,००० वर महिना एक टक्का व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशोब चोख जुळतो. राहायला येणाऱ्याला कपडाही लागणार, हे त्यानं देतानाच धरलं होतं.

आजही अशी उदाहरणं आहेत. मुंबईत सिद्धिविनायक न्यास आणि लालबागचा राजा मंडळ यांची डायलिसिस केंद्रं आहेत. यंत्र देऊन मोकळं व्हायचं, असं तिथे नाही. केंद्र रोज चालवावं लागतं. २०१६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या मांडणीत खासगी भागीदारानं यंत्रं आणि माणसं आणायची, जागा, वीज, पाणी सरकारचं, आणि गरिबांच्या डायलिसिसचा खर्चही सरकारनं द्यायचा. म्हणजे पैसा प्रत्यक्ष उपचाराला जोडलेला. त्या योजनेवर वेगळी टीका होऊ शकते, पण मोजायचं काय, हे तिला बरोबर कळलं आहे.

यावर तुम्ही म्हणाल, ‘सर, पाटी नसेल तर देणगीच येणार नाही.’ खरं आहे. नावाची हौस वाईट, असं आम्ही म्हणत नाही, आमचंही नाव तिथे होतं. पण पाटी तंत्रज्ञाच्या पगारालाही लावता येते, एका रुग्णाच्या वर्षभराच्या १०४ डायलिसिसनाही लावता येते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. दोन यंत्रांऐवजी एकच घेऊन उरलेला पैसा ते चालवायला ठेवला असता तर? एक यंत्र, दिवसाला दोन वेळा, आठवड्याचे सहा दिवस: १२ डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारे सहा रुग्ण. आमचे तर नऊ होते. उरलेले तीन कोण, हे कुणी ठरवायचं? याला आमच्याकडे सोपं उत्तर नाही. पण सुरुवातीलाच सहांना हो आणि तिघांना नाही म्हणणं, हे नऊ जणांना हो म्हणून वर्षाच्या आत तोंड फिरवण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

पुढे आम्ही पुन्हा दारोदार फिरलो, या वेळी मेंब्रेन आणि तंत्रज्ञाच्या पगारासाठी. यंत्राला सढळ हातानं देणाऱ्यांनीच आता हात आखडता घेतला. कसंबसं एक यंत्र सुरू झालं. दुसऱ्यावर अजून चादर आहे.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर एवढंच: फीत कापेपर्यंत ते पुण्य, पहिला रुग्ण आला की कर्तव्य. पुढच्या वेळी कुणी तुमच्याकडे यंत्रासाठी देणगी मागितली, तर जरूर द्या. पण देण्याआधी विचारा, ‘तिसऱ्या वर्षी हे कोण चालवणार?’

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.