वळिवडे : पाहुण्यांचे गाव आणि आपली स्मृती

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात एक पोलिश गाव नांदत होते. सोविएत सत्तेने १९४० पासून सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेली ही कॅथलिक कुटुंबे १९४१ च्या करारानंतर मुक्त झाली व इराणमार्गे भारतात आली. वळिवड्यात सुमारे ५,००० जण राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक.

या गावाविषयी दोन ग्रंथ आवर्जून वाचावेत. अनुराधा भट्टाचार्जी यांचा 'द सेकंड होमलँड' (२०१२) हा कागदपत्रांच्या आधारे या निर्वासितांना आश्रय कसा मिळाला याचा शोध घेतो. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत सांभाळलेल्या मुलांची हकिगत त्यात ठळकपणे येते. दुसरा, 'पोल्स इन इंडिया', तेथील रहिवाशांनीच सिद्ध केला. प्रथम २००० साली लंडनमध्ये तो पोलिश भाषेत निघाला व पुढे इंग्रजीत आला. चर्च, शाळा, इस्पितळ, बालवीर पथके असा सारा गावगाडा त्यात आतून दिसतो. पहिल्या ग्रंथाचे बळ पुराव्यात आहे, तर दुसऱ्याचे आठवणीत.

मात्र हे वाचताना आपल्या सोयीच्या एका समजुतीला तडा जातो. आपणच त्यांना पोसले, असे आपण अभिमानाने सांगतो. भूमी कोल्हापूर संस्थानची होती, हे खरे. परंतु १९४५ पर्यंत खर्चाचा मुख्य भार लंडनमधील पोलिश सरकारने वाहिला. यामुळे कोल्हापूरकरांचे सौजन्य उणे ठरत नाही. ते दानापेक्षा शेजारधर्माचे होते, एवढेच स्पष्ट होते.

उणीव आहे ती वेगळीच. या गावाला भाजी, दूध, सरपण पुरविणाऱ्या मराठी माणसाला ते कसे दिसले? रहिवाशांच्या आठवणींत हा शेजारी स्वाभाविकच कडेला उभा राहतो. त्याची साक्ष मराठीतच लिहिली जावयास हवी होती. शिवाय कथा १९४८ ला संपत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच वसाहतीत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर ते हेच.

कोल्हापुरातील महावीर उद्यानात पोलिश स्मारक आहे. वॉर्सॉतही कोल्हापूरचे स्मरण जपले जाते. हे योग्यच होय. परंतु मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील परका कोणत्या देशाचा वा धर्माचा, हे प्रभूने सांगितलेले नाही. वळिवड्याचा खरा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही निर्वासितांना एकाच ग्रंथात स्थान द्यावे. आपल्या आतिथ्याची कसोटी तेथेच लागेल.

— मालेगाव (जि. वाशीम)