स्वातंत्र्यदिनाचा हिशेब : डग्लस आणि ढाले

दलित साहित्याची चर्चा करताना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा उल्लेख करण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे आदी अभ्यासकांनी त्या काळी ज्याला ‘निग्रो साहित्य’ म्हणत त्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ हे नाव ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले गेले. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले होते. तेव्हा नाते जुने आहे, याबद्दल वाद नाही. परंतु नाते सांगणे वेगळे आणि कृती शेजारी ठेवून वाचणे वेगळे. परिसंवादात ‘वेदना एकच, विद्रोह एकच’ असे म्हटले की टाळ्या पडतात, आणि दोन्हीकडचे काहीही न वाचता विषय संपतो.

म्हणून या लेखापुरत्या मी दोनच कृती घेतो. एक, फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावर केलेले भाषण. दुसरी, राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकातील लेख. दोघांचाही विषय राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन. दोघांवरही ‘संताप’, ‘आक्रोश’ असे शिक्के बसले. विरोधकांनी निंदेने बसवले, चाहत्यांनी कौतुकाने. माझे म्हणणे असे की हे दोन्ही शिक्के चुकीचे आहेत, आणि या चुकीचा फायदा प्रस्थापितांनाच होतो.

प्रथम त्या दिवसाचा इतिहास पाहू. ग्रेट ब्रिटनपासून वेगळे होण्याचा ठराव अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने २ जुलै १७७६ रोजी केला. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा. पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील असे जॉन ॲडम्सना वाटले होते. लोकांनी ठरावाऐवजी शब्दांचा दिवस निवडला. सर्व माणसे समान आहेत हा तो शब्द. पण त्याच मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारा एक परिच्छेद होता, तो काँग्रेसने गाळून टाकला. लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. म्हणजे हा सण जन्मला तेव्हाच त्यातून एक परिच्छेद वजा होता.

हा वजा केलेला परिच्छेद ज्यांचा होता त्यांनी या दिवसाचे काय केले? न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली ती ४ जुलै १८२७ रोजी. पण न्यूयॉर्क शहरातील कृष्णवर्णीयांनी मिरवणूक काढली ती ५ जुलैला. चार तारखेला रस्ते गोऱ्यांचे असत, आणि त्या दिवशी काळ्यांनी रस्त्यावर येणे म्हणजे मार खाणे. स्वातंत्र्य चार तारखेचे, पण त्याचा आनंद पाच तारखेला, असा हा प्रकार. गावची जत्रा उरकल्यावर ज्यांचा देव दुसऱ्या दिवशी निघतो त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

डग्लस बोलले तेही ५ जुलैलाच. १८५२ साली ४ जुलैला रविवार होता, हेही त्याचे एक कारण. पण मागची परंपरा विसरून ती तारीख वाचता येत नाही. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले, १८३८ मध्ये पळून आलेले आणि १८४६ मध्ये इंग्रज मित्रांनी पैसे भरून ज्यांची कायदेशीर सुटका केली असे हे गृहस्थ. बोलावणारी होती रॉचेस्टरमधील स्त्रियांची गुलामगिरीविरोधी संस्था. जागा कोरिन्थियन हॉल. समोर बहुसंख्य गोरे श्रोते, तेही शत्रू नव्हेत, हितचिंतक.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. ढाल्यांचा लेखही हितचिंतकांच्याच घरी छापला गेला. ‘साधना’ हे साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले साप्ताहिक. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला तीन महिने उरले असताना, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून उपोषण केले होते. त्या साप्ताहिकाने स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी दलितांच्या स्वातंत्र्यावर अंक काढला, हे त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. दोन्ही ठिकाणी पाहुण्याला सन्मानाने बोलावले गेले, आणि पाहुण्याने पंगतीत बसून विचारले की हे जेवण कोणाच्या घामाचे आहे? शत्रूच्या दारात ओरडणे सोपे. मित्राच्या ओसरीवर खरे बोलणे अवघड. दोन्ही कृतींचे बळ या अवघड जागेत आहे.

आता डग्लस काय करतात ते पाहू. ते सुरुवातीला राष्ट्राच्या संस्थापकांची स्तुती करतात, मनापासून करतात. पण सर्वनामे सांभाळून. हा दिवस तुमचा, पूर्वज तुमचे, स्वातंत्र्य तुमचे. आणि त्याच श्रोत्यांना ते सहनागरिक म्हणूनही हाक मारतात. ‘तुमचा’ आणि ‘सहनागरिक’ हे दोन शब्द एका भाषणात एकत्र बसत नाहीत. आणि ते बसत नाहीत हेच त्या भाषणाचे म्हणणे आहे. आपल्या काही समीक्षकांना वाटते की नकार म्हणजे पाठ फिरवणे. डग्लस पाठ फिरवत नाहीत. ते स्तुतीने मापाची पट्टी तयार करतात आणि मग तीच पट्टी श्रोत्यांच्या अंगाला लावतात.

पुढे ते म्हणतात की गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करीत बसणार नाही, कारण ते तुम्ही स्वतःच मान्य केले आहे. कोठे? कायद्यात. व्हर्जिनिया राज्यात कृष्णवर्णीयाला मृत्युदंड देता येईल असे ७२ गुन्हे आहेत, गोऱ्याला मात्र फक्त दोन, असा दाखला ते देतात. जनावराला कोणी फाशी देत नाही. शिक्षा करता म्हणजे माणूस मानता. नंतर ते १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याकडे वळतात. पकडून आणलेल्या माणसाला गुलामगिरीत परत धाडले तर अधिकाऱ्याला दहा डॉलर, मोकळे सोडले तर पाच. न्यायाचे दोन भाव.

ढाल्यांच्या लेखाचा गाभा अगदी हाच आहे. १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यातील बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. त्या पार्श्वभूमीवर ढाल्यांनी दोन दंड शेजारी मांडले. दलित स्त्रीच्या अब्रूसाठी ५० रुपये, राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानासाठी ३०० रुपये. यावरून त्यांनी विचारले की मग या राष्ट्रात अब्रू कोणाची आहे?

७२ आणि दोन, दहा आणि पाच, ३०० आणि ५०. मध्ये १२० वर्षे आणि एक महासागर आहे, तरी रीत एकच आहे. याला मी आक्रोश म्हणायला तयार नाही. हा हिशेब आहे. कायद्याच्या पुस्तकातले दोन आकडे काढून शेजारी ठेवायचे आणि वाचकाला बेरीज-वजाबाकी करायला लावायची, ही रीत थंड डोक्याची आहे. लेख प्रसिद्ध झाल्यावर काय घडले? गदारोळ झाला तो ध्वजाविषयीच्या वाक्यावरून. राष्ट्रद्रोहाची भाषा झाली, निषेध झाले. ३०० आणि ५० या आकड्यांना मात्र उत्तर मिळाले नाही. संताप म्हटले की उत्तर द्यावे लागत नाही. संतापाची समजूत घालता येते किंवा त्याला शिक्षा करता येते. हिशेबाला मात्र उत्तर द्यावे लागते. ‘विद्रोहाचा ज्वालामुखी’ वगैरे विशेषणे लावणारे आमचे चाहतेही नकळत हेच करतात. ते मजकुराची राख करून तिला नमस्कार घालतात.

भाषेचा फरक आहे, तो मान्य केला पाहिजे. डग्लस यांची भाषा व्यासपीठावरची, बायबलच्या वळणाची, घडीव. गुलामाला अशी भाषा येईल यावर लोकांचा विश्वास बसत नसे. आपण खरोखर गुलाम होतो हे पटवण्यासाठी त्यांना १८४५ मध्ये आत्मचरित्र लिहावे लागले होते. सुसंस्कृत बोलणे हेच तिथे बंड होते. ढाल्यांची भाषा तुटक, बोलीतली, शिवीपर्यंत जाणारी. महाराष्ट्रात १९७२ साली सुसंस्कृत बोलणाऱ्या दलिताची वाहवा करून त्याला पुन्हा त्याच जागी बसवण्याची सोय झालेली होती. ती सोय त्यांना मोडायची होती. तेव्हा कोणाची शैली श्रेष्ठ हा प्रश्न गैरलागू आहे. ओझे वेगळे, म्हणून चाल वेगळी.

पण समीक्षा आपल्या माणसांपाशी थांबत नाही. दोन्ही कृतींत एक उणीव सारखीच आहे, आणि ती दाखवणे आपले काम आहे. डग्लस बाजारात हाकलल्या जाणाऱ्या गुलामांचे चित्र काढतात. त्यात कडेवर मूल घेतलेली आई आहे, रडणारी मुलगी आहे. ढाल्यांच्या लेखात ब्राह्मणगावची स्त्री आहे. दोन्ही ठिकाणी स्त्री पुरावा म्हणून येते, साक्षीदार म्हणून येत नाही. तिची अब्रू पुरुषांच्या वादातला आकडा होते, आणि ५० रुपयांवर तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे आपल्याला कळत नाही. शांताबाई कांबळे, बेबी कांबळे, ऊर्मिला पवार यांनी आत्मकथने लिहिली तेव्हा ही जागा भरायला सुरुवात झाली. ‘काळा स्वातंत्र्यदिन’ वर्गात शिकवताना ही आत्मकथने शेजारी ठेवली नाहीत, तर आपणही हिशेबातली एक रक्कम गाळतो.

शेवटचा मुद्दा संविधानाचा. डग्लस यांचे गुरू विल्यम लॉइड गॅरिसन यांचे मत असे की अमेरिकेची राज्यघटना गुलामगिरीशी केलेला करार आहे. त्यांनी ४ जुलै १८५४ रोजी तिची प्रत जाहीर सभेत जाळली. डग्लस मात्र १८५१ मध्येच त्यांच्यापासून वेगळे झाले होते. घटनेचा अर्थ लावण्याचा हक्क मालकांना का द्यायचा, असे त्यांचे म्हणणे. म्हणून १८५२ चे भाषण सणाला नकार देते पण घटनेवर हक्क सांगते, आणि आशेवर संपते. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, सारे सभागृह कृतार्थ होत असताना, बजावले की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल ठेवतो आहोत. राजकारणात समता असेल आणि समाजात, अर्थकारणात विषमता. तेही सणाच्या उंबरठ्यावर मांडलेला हिशेबच आहे. २६ जानेवारी १९३० ला देशाने पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली आणि २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे सत्याग्रह सुरू झाला, हे ज्याने पाहिले त्याला तारखा कशा वाचायच्या ते ठाऊक होते.

हा विषय मी केवळ वाङ्मयीन जिज्ञासेने घेतलेला नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझ्या लहानपणी गावात १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी झेंड्याभोवतीचे आवार झाडायला वस्तीतल्या बाया असत; सकाळी खुर्च्यांवर दुसरीच माणसे असत. आज वर्गातली मुले मला विचारतात, ‘सर, झेंडावंदनाला जायचं की नाही?’ काही कार्यकर्ते सांगतात, जाऊ नका, हे स्वातंत्र्य आपले नाही. काही प्राध्यापक सांगतात, जा आणि कृतज्ञ राहा. दोघेही त्या मुलाला गप्प बसवतात. एक घरी, दुसरा रांगेत.

तिसरा मार्ग या दोन कृतींनी घालून दिला आहे. त्या दिवशी व्यासपीठ मागा, आणि वर जाताना हातात आकडे घेऊन जा. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे सारे अशाच हिशेबांच्या दडपणातून आले. पण कायदा आला म्हणून वही बंद होत नाही. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. तरी ४ जुलै १८७६ ला, स्वातंत्र्याच्या शताब्दीला, दक्षिण कॅरोलिनातील हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीयांच्या पथकाने रस्त्यावर कवायत केली म्हणून तंटा उभा राहिला, ८ जुलैला त्यांच्यातल्या माणसांच्या हत्या झाल्या, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. टेक्सासमध्ये १९ जून १८६५ ला पोहोचलेल्या मुक्तीच्या वार्तेचा दिवस राष्ट्रीय सुट्टी व्हायला २०२१ साल उजाडले.

तेव्हा पुढच्या १५ ऑगस्टला वक्तृत्व स्पर्धा असेल, तर विद्यार्थ्यांना पाठ केलेले भाषण देऊ नका. आपल्या तालुक्यात अत्याचाराचे गुन्हे किती नोंदले गेले, किती खटले निकाली निघाले, शिक्षा किती जणांना झाली, एवढे त्यांना स्वतः शोधून आणायला सांगा. ते आकडे ध्वजाखाली उभे राहून, आवाज न चढवता वाचू द्या. आणि समीक्षकांनी त्याला आक्रोश म्हणण्यापूर्वी आधी बेरीज तपासावी.